पापुद्र्यांमधलं पाणी

रेषा सरळ जायला हवी होती आणि वर गेली. फार नाही, नखाएवढी. डावीकडून सरळ, आळसात चालत आलेली हिरवी रेषा पडद्याच्या मध्याआधीच थबकली, तिनं एक गोलसर उंचवटा काढला आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढं निघून गेली. यंत्रासमोर बसलेल्या बाईच्या हातातला कप ओठांपाशी येऊन तिथंच राहिला. प्रयोगशाळेत चहा आणायला सक्त मनाई होती आणि तो तिनं रोजच्यासारखा रसायनांच्या कपाटाआडून चोरून आणला होता. पण आता कोणी रंगेहाथ पकडलं असतं तरी तिनं मान वळवली नसती. तिच्या पोटात काहीतरी टुणकन उडालं होतं. परक्या घराचा जिना अंधारात उतरताना संपला असं वाटावं आणि आणखी एक पायरी निघावी, तेव्हा उडतं तसं. तिनं कप टेबलावर ठेवला, तो कडेवर टेकला, चहा सांडला, आणि सांडलेला चहा बाहीनं पुसत ती पडद्याकडे बघत राहिली. आता पुढं नेहमीचा मोठा खड्डा येणार होता, शून्याच्या जवळ, बर्फ वितळण्याचा. तो आला. शहाण्यासारखा वेळेवर आला. म्हणजे यंत्र ठीक होतं. म्हणजे उंचवटा खरा असू शकत होता. तिला एकदम हसू फुटलं आणि मग भीती वाटली, कारण एवढ्या लवकर हसणं तिच्या अंगाशी आलेलं होतं, पुष्कळदा.

या यंत्राचं बोलणं तसं अगदी साधं. आत ॲल्युमिनियमच्या दोन इवल्याशा डब्या. एक रिकामी, एकीत नमुना. दोन्ही बरोबरीनं गार करायच्या, मग बरोबरीनं गरम करायच्या. नमुन्यानं ऊब ओढून घेतली की रेषा खाली, ऊब सोडली की वर. वितळणारा बर्फ ऊब घेतो, म्हणून खड्डा. गोठणारं पाणी ऊब सोडतं, म्हणून उंचवटा. हे दुसरं सांगितलं की माणसं हसतात, गोठणारी वस्तू ऊब कशी सोडेल म्हणतात; पण सोडते, मुकाट्यानं सोडते, कोणी मोजायला बसलं नसलं तरी सोडते. आणि डबीत होतं ते लिपिड, पेशींच्या भिंती ज्याच्या बनतात तो चरबीचा प्रकार. त्याच्या रेणूचं डोकं पाण्यावर जीव टाकतं आणि शेपटीला पाण्याचं वावडं. मग हे रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर अशी दुहेरी चादर करतात, चादरीवर चादर रचत जातात, आणि दर दोन चादरींच्या मध्ये पाण्याचा एक थर राहतो, इतका पातळ की त्यात पाण्याचे मोजकेच रेणू अंग चोरून उभे राहावेत. बाहेरचं मोकळं पाणी सरळमार्गी, गार केलं की गोठलं. मधल्या पाण्याचे मात्र नखरे. ते जागच्या जागी सहजी गोठत नाही. बाहेर बर्फ झाला की हळूहळू पापुद्र्यांमधून सरकत बाहेर येतं, त्या बर्फाला जाऊन मिळतं, आणि गरम केलं की बर्फातून सुटून परत आत शिरतं. किती जातं, कधी जातं, परत कधी येतं, हेच ती इतकी वर्षं मोजत आली होती. दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, तिची ओळख करून देताना सांगायचा, ‘ही बर्फ वितळताना बघते. त्याचा हिला पगार मिळतो.’ त्यावर सगळे हसायचे, तीही हसायची. आज मात्र गरम होत चाललेल्या डबीत काहीतरी गोठलं होतं. ऊब मिळत असताना गोठलं होतं. हे तिनं मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं आणि तिच्या दंडावर काटा आला.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, चष्मा कपाळावर चढवून पडद्यावर वाकले. त्यांनी रेषेकडे पाहिलं, तिच्या ओल्या बाहीकडे पाहिलं, हवेतला चहाचा वासही घेतला असावा. “मशीनला ढेकर आलाय,” ते म्हणाले. “झाकण नीट दाबलं होतंस?”

“दाबलं होतं, सर.”

“घाईत?”

“घाईत म्हणजे माझ्या पद्धतीनं.”

“तेच विचारतोय. अगं, गरम करताना पाणी गोठायला लागलं तर उद्यापासून आपण शेगडीवर बर्फ लावू की.” ते स्वतःच्याच विनोदावर खूश झाले, मग जरा विरघळले. “परत काढ. आणखी दोनदा आलं तर मला हाक मार. नाही आलं तर मशीनवाल्याला मार.”

सर गेल्यावर तिनं डबी पुन्हा गार करायला लावली आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसली. संथपणे गार करायला आणि संथपणे गरम करायला बराच वेळ जायचा. तेवढ्या वेळात करण्यासारखी कितीतरी कामं होती, बाटल्या धुवायच्या होत्या, आणि तिचा पाय मात्र खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरून नुसता हलत होता. संध्याकाळ डोक्यात यायला तिला नको होती, पण संध्याकाळ आलीच. संध्याकाळी दादा यायचा होता. बाबांना घेऊन जायला. त्याच्या गावात, त्याच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर वयस्कांसाठी एक जागा होती, बाग होती, नर्स होत्या, प्रत्येकाला खिडकीची खोली होती. त्यानं तिथं बोलून ठेवलं होतं. सकाळी ती डबी यंत्रात ठेवत होती नेमक्या त्याच वेळी त्याचा फोन आला होता. “बॅग भरलीस ना?” त्यानं विचारलं होतं. “भरते,” ती म्हणाली होती. “भरते म्हणजे भरली नाहीस.” “दादा, मी कामावर आहे.” “माहितेय. हे बघ, तुला वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. पण तूच विचार कर. आई गेल्यावर ते एकटे राहत होते तर चांगले बोलत होते. तुझ्याकडे आले आणि तोंड मिटलं. डॉक्टर म्हणतात घसा ठीक, मेंदू ठीक. मग उरलं काय?” काय उरलं ते त्यानं सांगितलं नव्हतं. तो कधीच कोणाला टाकून बोलायचा नाही, वाक्य अर्धवट सोडायचा आणि ते उरलेलं अर्धं तिच्या अंगावर येऊन पडायचं.

आणि यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. बाबा आयुष्यभर बोलले होते. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायच्या, ही त्यांची नोकरी. काचेच्या खोलीत, हातात लांब दांड्याचा माइक, आणि सगळ्या फलाटांवर घुमणारा तो भरदार, थोडासा खट्याळ आवाज. गाडी उशिरा येणार असली तरी ते अशा सुरात सांगायचे की लोकांना वाटावं, उशिरा येणं ही एक खास सोय आहे. घरी आल्यावरही त्यांच्या घोषणा थांबत नसत. आई आंघोळीला गेली की न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून ते जाहीर करायचे, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, आतली गाडी नेहमीप्रमाणे लांबणार आहे. आतून आईचा आवाज, ‘पुरे झालं!’ या पोरीला त्यांनी भिंगरी नाव पाडलं होतं, कारण ती एका जागी ठरत नसे. आई गेली तेव्हाही ते बोलतच राहिले. भेटायला येणाऱ्यांशी, फोनवर, दूधवाल्याशी, आईचं शेवटचं आजारपण, डॉक्टर, दवाखाना, सगळं न अडखळता, त्याच आवाजात. सगळे म्हणाले, केवढं सांभाळलंय स्वतःला. बाबांचं ते घर जुनं, दगडी, थंडीत हाडं गारठवणारं. तिनं हट्टानं त्यांना आपल्याकडे आणलं. इथं दुपारपर्यंत ऊन येणारी खोली होती. नवीन पांघरूण होतं. संध्याकाळी तिच्या हातचं गरम सूप होतं. पहिले काही दिवस ते बोलले, मग वाक्यं आखूड झाली, मग मान हलवणं, मग तेही नाही. जेवायचे, झोपायचे, खिडकीशी बसायचे. त्यांच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत ती त्यांना आणखी सूप वाढायची. तिला रागही यायचा. इतकं केलं, इतकं केलं, आणि हे असे. मग रागाची लाज वाटायची आणि ती आणखी एक पांघरूण आणायची.

दुसरी रेषा आली. सपाट. उंचवट्याच्या जागी काहीच नव्हतं, इस्त्री केल्यासारखं सपाट. तिनं नवा नमुना भरला, झाकण दोनदा दाबलं, श्वास रोखून डबी चिमट्यानं ठेवली, पद्धतीत लिहिलंय तसं अक्षर न् अक्षर केलं. तिसरी रेषाही सपाट. शून्याजवळचा मोठा खड्डा नेमका जागेवर, बाकी मैदान. शेजारच्या टेबलावरच्या वजनकाट्यापाशी कोणीतरी गुणगुणत होतं, तिला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. म्हणजे ढेकरच होता. शेगडीवरच्या बर्फाचा विनोद आता वर्षभर पुरणार होता. तिनं सकाळची रेषा आणि या दोन रेषा एकावर एक ठेवून पाहिल्या. सकाळचा उंचवटा त्या दोघींच्यावर तसाच टेकून होता, लहानसा, निर्मळ, त्याच्या कडा अजिबात फाटलेल्या नव्हत्या. धक्का बसून, वीज खालीवर होऊन, झाकण फुटून येणारे उंचवटे तिनं हजारो पाहिले होते, ते दातेरी असायचे, ओबडधोबड. हा सावकाश चढला होता आणि सावकाश उतरला होता. हा घडला होता. याला खोटं म्हणायला तिची जीभ रेटेना. पोटातली ती पायरी अजून तशीच होती, खाली काहीच नसलेली, आणि गंमत म्हणजे तिला त्या पोकळीत मजा वाटत होती. एवढी मजा तिला कित्येक महिन्यांत वाटली नव्हती.

कँटीनमध्ये ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली आणि पावाचा तुकडा बोटांनी चुरत राहिली. समोरच्या भिंतीवर पाण्याच्या गळतीचा डाग होता. आज सकाळी वेगळं काय केलं मी? नमुना तोच. डबी त्याच खोक्यातली. पाणी त्याच बाटलीतलं. गरम करण्याचा वेग तोच, तो तर रेषेखालीच छापलेला होता. मग? तिचं मन नेहमीसारखं पळायला लागलं आणि पळता पळता भलतीकडेच गेलं, त्या दगडी घराकडे. ते घर रिकामं केलं तो दिवस. भाडेकरू लगेच यायचा होता, दादाला दोनच दिवसांची रजा होती, आणि तिनं पदर खोचून, म्हणजे खरं तर जुनी विजार चढवून, एका दिवसात अख्खं घर आवरलं होतं. द्यायचं, ठेवायचं, टाकायचं, असे तीन ढीग. दादा म्हणाला होता, ‘तुझा झपाटा म्हणजे झपाटाच.’ बाबांना दमणूक नको म्हणून दादाच्या गाडीत बसवलं होतं. अंधार पडायच्या आत कुलूप. परत येताना वाटेत बाबा बोलत होते, पुढच्या गावाचा रस्ता कसा सुधारला त्याबद्दल. हे आत्ता का आठवतंय, तिला कळेना. त्या दिवसाचा तिला अभिमान होता. कोणालाही सांगताना ती सांगायची, एका दिवसात. ते घर सोडून इथं पोचेपर्यंतच्या प्रवासाकडे मात्र तिनं कधी वळून पाहिलं नव्हतं. पोचवलं की झालं. पोचल्यावर काय काय केलं ते सगळं तिला पाठ होतं, पांघरुणाच्या रंगासकट.

पावाचा चुरा ताटलीत पडला आणि तिचा हात थांबला. पोचवलं की झालं. त्यांच्या प्रयोगशाळेची रीतच ती होती. यंत्र गरम करतानाची रेषा जपून ठेवायची, गार करतानाची कोणी ठेवत नसे. बर्फ कसा वितळतो ते बघायचं असतं, गोठवणं ही नुसती तिथवर पोचण्याची सोय. सरांच्या सरांनी असंच केलं, सरांनी असंच केलं, तिनंही केलं. चढण जपायची, उतरण सोडून द्यायची. सकाळी चढण जशीच्या तशी होती. मग उतरण? फोन कानाशी, मान वाकडी करून खांद्यानं धरलेला. ‘भरते म्हणजे भरली नाहीस.’ उजव्या हातात चिमटा. डाव्या हाताच्या अंगठ्यानं, पडद्यावरच्या गार करण्याच्या पद्धतींच्या यादीतलं, न बघता दाबलेलं पहिलं नाव. रोजचं संथ गार करणं यादीत दुसरं असायचं. पहिलं होतं ते यंत्र स्वच्छ केल्यावर आत दमटपणा राहिलाय का ते बघायला वापरायचं, त्यात डबी दगडासारखी एकदम तळाला नेत. डबीतला नमुना त्या वेगानं कोणी गार करत नाही. कोणी करणार नाही. दादाशी बोलताना मी केला. ती उठली. ताटली तशीच टेबलावर राहिली, मागून कँटीनवाला ओरडला, “अहो बाई, ताटली!” आणि ती तोवर जिन्यावर होती, दोन दोन पायऱ्या चढत, तोंडानं स्वतःशीच बोलत. संथ गार केलं की मधल्या पाण्याला वेळ मिळतो. ते बाहेर सरकतं, बाहेरच्या बर्फाला मिळतं, त्याचं गोठणं उतरणीवरच उरकतं. एकदम गार केलं तर? बाहेर पडायला सवड नाही. गोठायला जेवढं हलावं लागतं तेवढं हलायलाही सवड नाही. दोन पापुद्र्यांमध्ये ते तसंच अडकतं, पाण्यासारखंच दिसणारं, फक्त जागच्या जागी थिजलेलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, याला काही झालंच नाही. मग ऊब द्यायला लागलं की पहिल्यांदा त्याला हलता येतं. आणि हलता आलं की पहिल्यांदा ते काय करतं? जे तेव्हा करायचं राहून गेलं ते करतं. गोठतं!

तिनं नवा नमुना भरला. डबी चिमट्यातून दोनदा निसटली. यादीतलं पहिलं नाव तिनं या वेळी बघून, शुद्धीवर राहून दाबलं. डबी तळाला गेली. मग चढण. ती खुर्चीत बसली नाही, टेबलाची कड धरून उभी राहिली, आणि हिरवी रेषा डावीकडून निघाली, सपाट, सपाट, अजून सपाट. ‘ये ना गं,’ ती म्हणाली, मोठ्यानं, आणि वजनकाट्यापाशी गुणगुणणारा गप्प झाला. रेषेनं उंचवटा काढला. त्याच जागी. तसाच गोल. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सर त्यांच्या खोलीतून बाहेर आले, कोणाला तरी भाजलं असावं असं समजून. तिनं पुन्हा एक नमुना लावला, पुन्हा उंचवटा. संथ गार केला, सपाट. पुन्हा एकदम, पुन्हा उंचवटा. सर केव्हातरी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले होते आणि चष्मा खरोखर डोळ्यांवर लावून बसले होते.

“घाई केल्यावर येतो,” ते म्हणाले.

“घाई केल्यावरच येतो.”

“म्हणजे आपण सगळे शहाण्यासारखे सावकाश जात राहिलो, म्हणून दिसला नाही.” त्यांनी डोकं खाजवलं. “मूर्ख आहोत आपण. छान. बस, आता लिहायला घेऊ. गोठल्यानंतर ते वितळतं कुठं, तेही बघायला हवं.”

“वितळतं, सर. पुढं वर, शून्याच्या अलीकडे. खड्ड्याला ही जी बारीकशी सुरुवात दिसते ना, ती. गरम करणं थांबवलं नाही तर वितळतं.” ती बोलता बोलता थांबली. आपण काय बोललो ते तिला आपल्याच कानांनी ऐकू आलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

“अगं, आता कुठं?” सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “आत्ता? आज?”

“घरी. बाबांना नेतायत,” ती म्हणाली, आणि दार ढकलून निघाली.

बस भरलेली होती. ती दांड्याला धरून उभी होती आणि तिला कोणाला तरी सांगायचं होतं, समोरच्या अनोळखी बाईला, चालकाला, कोणालाही, की आज एक गोष्ट कळलीय आणि ती आज सकाळपर्यंत आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. छाती नुसती भरून आली होती. सिग्नलपाशी बस थांबली की तिला खाली उतरून पळावंसं वाटत होतं. मग ती स्वतःला दटावायची. माणूस म्हणजे काय चरबीची डबी आहे? कुठं लिपिड, कुठं बाबा. आता दादाला काय सांगणार, रेषा वर गेली म्हणून बाबांना नेऊ नकोस? तो तुलाच नर्सच्या बागेत नेऊन बसवेल. हे सगळं बरोबर होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. कारण आई गेल्यानंतरचा बाबांचा तो न अडखळणारा आवाज आता तिला वेगळाच ऐकू येत होता. सगळे म्हणाले होते, केवढं सांभाळलंय. ऊब मिळाली आणि त्यांना पहिल्यांदा हलता आलं. तिनं त्या खिडकीशी, त्या पांघरुणात त्यांना गोठताना पाहिलं होतं आणि स्वतःचं चुकलं असं समजून आज त्यांना परत उचलून दुसरीकडे पाठवायला निघाली होती, पुन्हा एका संध्याकाळी, पुन्हा झपाट्यानं. असलंच तर हे असेल. नसलं तर नसेल. पण आत्ता, या चढणीवर, मधेच यंत्र बंद करायचं? तिला इतकी भीती वाटली की तिनं उगाचच दांडा दोन्ही हातांनी धरला. बाबा बोलतील तर पहिलं काय बोलतील, तेही तिनं बसमध्ये ठरवून टाकलं. ते भिंगरी म्हणून हाक मारतील. आणि मग ती खूप रडेल.

दार उघडंच होतं. दादा बूट घालूनच सोफ्याच्या कडेवर बसला होता आणि बॅग त्यानं स्वतःच भरली होती. बाबा कोट घालून, हात मांडीवर ठेवून खिडकीशी, कोणी सांगेल तेव्हा उठायला तयार. “आलीस?” दादा म्हणाला. “बरं झालं. मग रस्त्याला गर्दी होईल, लगेच निघतो.”

“ते जाणार नाहीत.”

“काय?”

“बाबा जाणार नाहीत, दादा. इथंच राहणार.”

“सकाळी तर...” दादानं दोन्ही हात वर केले. “काय झालं आता? कारण तरी सांग.”

आणि ती सांगायला लागली. सगळंच सांगायला लागली, तोंडाला लगाम नव्हता. पापुद्रे, मधलं पाणी, संथ गार करणं, एकदम गार करणं, हातांनी चादरीवर चादर दाखवत, खोलीभर फिरत. दादा तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती तिला ओळखीची होती. पाहुण्यांसमोर तिची ओळख करून देतानाची, फक्त हसू वजा. “तू जेवलीस का दुपारी?” त्यानं मधेच हळू विचारलं.

“आपण फार भरभर केलं, दादा! त्या घराचं. एका दिवसात. त्यांना गाडीत बसवलं आणि एका दिवसात सगळं...”

“तिचा चष्मा कुठाय?”

दोघंही वळले. आवाज खरखरीत होता, गंज चढलेला, पण खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचणारा. बाबांनी मान वळवली नव्हती, ते खिडकीकडेच बघत होते.

“कोणाचा, बाबा?” दादा पुटपुटला.

“तुझ्या आईचा. कोणाचा काय! उशाशी होता. काचेवर तिच्या बोटाचा ठसा होता, मी पुसला नव्हता. कुठाय तो?”

“असेल की... कुठंतरी सामानात...”

“कुठंतरी म्हणजे कुठं?” आता ते वळले. चेहरा लालबुंद झाला होता. “मला गाडीत बसवलंत. बाबा, तुम्ही दमाल. मी काय पार्सल होतो? काचेतून बघत होतो मी. एकेक बोचकं बाहेर येत होतं. तिची निळी शाल त्या हमालाच्या खांद्यावर लोंबत होती, रस्त्याला घासत होती, आणि मला काच खाली करता येईना, तुझ्या त्या गाडीची काच! एकदा विचारलंत मला? एकदा? चाळीस वर्षांचं घर माझं, आणि तुम्ही मला विचारलं नाहीत!” आवाज चढत गेला, फलाटांवर घुमायचा तसा, आणि त्यात खट्याळपणा औषधालाही नव्हता. समोरच्या घरात कोणीतरी खिडकी उघडली. तिचे हात गार पडले होते. खरोखर गार, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत. बसमध्ये तिनं ठरवलेलं सगळं रडणं कुठल्या कुठं गेलं होतं. वितळणारा बर्फ शेजारच्याची ऊब ओढून घेतो, हे आयुष्यभर मोजणाऱ्या बाईला हे कसं सुचलं नाही, की तो आपलीही ऊब ओढेल? अंगात काही उरत नव्हतं, आणि तरी तिच्या छातीत ते वेडं काहीतरी थुईथुई नाचत होतं.

“बाबा, शांत व्हा,” दादा पुढं झाला, “त्रास होईल तुम्हाला, पाणी घ्या थोडं...”

तिनं त्याचं मनगट पकडलं. “त्यांना शांत करू नकोस.”

ती बाबांच्या खुर्चीपाशी गेली आणि फरशीवर बसली. “चष्मा मी टाकला, बाबा,” ती म्हणाली. “टाकायच्या ढिगात. बघितलंही नाही त्याच्याकडे.” ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्या नजरेत माया नव्हती. तिनं नजर चुकवली नाही. “आणखी काय काय टाकलं मी? एकेक सांगा.”

बाबांनी बोटं कोटाच्या गुंड्यांकडे नेली. वरची गुंडी सुटेना, ती त्यांनी ओढली, मग सुटली.

“वेळ लागेल,” ते म्हणाले.

“लागू दे.”

दादा दारापाशी बॅगेला हात लावून तसाच उभा होता. मग तो सोफ्यावर येऊन बसला आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.